भंडारदऱ्याला मुक्काम ठरला, पण फेरी कुठली?

नाताळच्या सुटीत भंडारदऱ्याला जायचा बेत वसईतल्या आमच्या सांडोर-पापडीच्या बऱ्याच घरांतून शिजतो. धरणाच्या पाण्याकाठी दोन रात्रींसाठी खोली किंवा तंबू ठरतो, गाडी ठरते, कोंबडी कोण करणार तेही ठरतं. चालायचं कुठे, हे मात्र तिथं पोचल्यावर नाश्त्याच्या ताटासमोर ठरतं. मग कुणीतरी मोबाईलवर एक गोल रेघ दाखवतो, 'बारा किलोमीटरच तर आहे' म्हणतो आणि सगळे निघतात. हा लेख त्या नाश्त्याच्या आधी वाचावा असा आहे.

मुक्काम एका जागी असला की गोल वाटेसारखं सुख नाही. सामान खोलीवर राहतं, पाठीवर फक्त पाणी आणि डबा. गेलेल्या वाटेनं परत यायचं नसल्यामुळे मुलं कंटाळत नाहीत आणि एका दिवसात डोंगराच्या दोन्ही बाजू पाहून होतात. पण याच सुखात एक धोका आहे. जाऊन-येऊन वाटेवर परतताना प्रत्येक दगड ओळखीचा असतो. कुणाचा गुडघा धरला तर तिथूनच मागे फिरायचं, एवढं सोपं. गोल वाटेवर अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरणंही लांब आणि पुढे जाणंही लांब, आणि पुढचा भाग कुणी पाहिलेलाच नसतो. दमलेली माणसं, उतरतं ऊन आणि अनोळखी वाट या तिन्ही गोष्टी फेरीच्या उत्तरार्धातच एकत्र येतात. म्हणून फेरी निवडताना किती किलोमीटर हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावं ते हे: मागे फिरायची शेवटची जागा कुठली, तिथं आपण किती वाजता असू आणि तिथून पुढचा भाग कसा आहे?

याचं उत्तर द्यायचं तर आपला स्वतःचा वेग माहीत हवा आणि तो घरीच मोजता येतो. रविवारची मिसा झाली की सांडोरच्या सेंट थॉमस चर्चपासून पायी निघा, पारनाक्यामार्गे वसई किल्ल्यात जा, आत एक मोठी चक्कर मारा आणि शक्य तिथं गावातल्या दुसऱ्या रस्त्यानं परत या. किल्ल्याचा विस्तार शंभर एकरांहून जास्त आहे. भूदरवाजापासून सागरदरवाजापर्यंत तट, सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा, फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या थडग्यांच्या शिळा, नागेश्वराचं देऊळ हे सगळं पाहत चाललं तर सकाळ पुरत नाही. सपाटीवर, डांबरी रस्ता आणि मातीच्या वाटेवर, घरातला सगळ्यांत हळू चालणारा माणूस तासाला किती जातो हे या चालीत कळतं. तोच तुमच्या फेरीचा वेग. पुढे पळणाऱ्या कॉलेजच्या पोराचा वेग कामाचा नाही. एक सूचना किल्ल्यापुरती: 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथं बिबट्या वावरत होता आणि बरेच दिवस प्रयत्न करून वनखात्यानं तो पकडला. तेव्हा झाडोरा वाढलेल्या पडक्या खोल्यांत शिरू नये आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावं.

चढाचा अंदाज मात्र वसईच्या सपाटीवर येणार नाही. त्यासाठी हायवेपलीकडचं तुंगारेश्वर आहे. देवळापर्यंतचा रस्ता आणि तिथून वरचा चढ दम काढणारा आहे. ही वाट जाऊन-येऊनचीच, पण सरावाला तीच बरी. चढताना घड्याळ पाहा, उतरताना गुडघे काय म्हणतात ते ऐका. उतारावर ज्याचे गुडघे कुरकुरतात त्यानं भंडारदऱ्याला काठी न्यावीच.

आता हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली एक साधा ठोकताळा मांडला, तो जगभर अजून वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब कणखर, सवयीच्या माणसाचा. आपल्या घरच्या मंडळींसाठी तासाला तीन किलोमीटर आणि तीनशे मीटर चढाला एक तास धरावा. म्हणजे बारा किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाची फेरी नेस्मिथच्या हिशेबानं साडेतीन तासांच्या आत संपते. आपल्या हिशेबानं चालण्याचे चार तास, चढाचे दोन, आणि बसणं, खाणं, फोटो, बूट काढून खडा झटकणं यांचा दीड. एकूण साडेसात तास. सकाळी सातला निघालात तर अडीचला खाली. पोहे खाऊन दहाला निघालात तर साडेपाचला खाली, तेही काहीच बिघडलं नाही तर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत, घळीत त्याच्याही आधी अंधारतं. 'बारा किलोमीटरच तर आहे' या वाक्यात हे काहीच दिसत नाही.

नकाशा पाहायची सवय नसेल तर एक युक्ती सांगते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि शेजारशेजारच्या दोन समोच्च रेषांत वीस मीटरांचा फरक. वाटेवर शिवणाचा दोरा पसरून अंतर मोजा आणि ओलांडलेल्या रेषा मोजून चढ काढा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथं कडा किंवा शिडी आहे असं समजा. दोऱ्यानं आलेल्या अंतरात निदान एक तृतीयांश भर घाला, कारण डोंगरातली वाट नागमोडी जाते आणि नकाशात ती वळणं येत नाहीत. मोबाईलवरचा नकाशा घरून निघतानाच उतरवून ठेवा. डोंगराआड गेलात की नेटवर्कचा भरवसा नाही.

आता प्रत्यक्ष भंडारदरा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरेवर 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण आहे. त्याच्या मागे पसरलेल्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. धरणाशेजारचं गाव शेंडी, बहुतेकांचा मुक्काम तिथं किंवा मुरशेतच्या बाजूला पाण्याकाठी. पाण्याला वळसा घालणारा रस्ता आहे. उत्तरेकडून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, तिथून रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत पुन्हा शेंडी. नकाशावर ही रेघ इतकी सुबक दिसते की पाहताक्षणी 'हीच करू' वाटतं. पण ती चाळीस किलोमीटरांच्या वर जाते. ती एका दिवसात पायी करायची फेरी नव्हे. गाडीनं पूर्ण करा आणि तिचे तुकडे पायी चाला.

तुकडे कुठले, तर माझ्या मते उत्तरेची बाजू आधी. पांजरे ते उडदावणे या पट्ट्यात डावीकडे पाणी आणि उजवीकडे अलंग-मदन-कुलंगची रांग राहते. रस्त्यावर वाहनं तुरळक, चढउतार हलका, म्हणून आजी-आजोबा आणि लहान मुलांना हाच भाग योग्य. एक जण गाडी पुढच्या गावात नेऊन ठेवतो, बाकीचे चालत जातात. नेमकी गोल फेरी झाली नाही म्हणून काही बिघडत नाही. वाटेत भाताची खाचरं लागतील. ती मोकळी दिसली तरी बांधावरून आडवं जाण्याआधी समोर दिसणाऱ्या माणसाला विचारावं. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. 'दादा, इकडून पाण्यापर्यंत वाट आहे का?' एवढं विचारलं की बहुतेक वेळा माणूस बांधावर येऊन हातानं वाट दाखवतो. त्याच्याकडून एक गोष्ट नक्की कळेल, जी कुठल्याही नकाशात नाही: यंदा पाणी कुठवर आहे. धरण पावसाळ्यानंतर काठोकाठ असतं आणि उन्हाळ्यात खूप खाली जातं. मे महिन्यात काठानं चालत गेलेली वाट नोव्हेंबरात पाण्याखाली असते. काठाकाठानं जाणाऱ्या कुठल्याही फेरीची माहिती कोणत्या महिन्यातली आहे हे पाहिल्याशिवाय ती वापरू नये.

बोट हाही फेरीचा एक भाग होऊ शकतो. पाणी पुरेसं असलं की धरणाच्या बाजूनं रतनवाडीच्या दिशेला बोटीनं जाता येतं. जाताना बोट आणि येताना रस्ता असं केलं तर मुलांना ही फेरी सगळ्यांत जास्त आवडेल. बोटवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून घ्यावं आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील इतके आहेत की नाही हे पाहिल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये.

ज्यांना खरी डोंगरातली गोल वाट हवी त्यांच्यासाठी रतनगड. 1297 मीटर उंचीचा हा किल्ला दोन बाजूंनी चढता येतो आणि म्हणूनच तो फेरीला उत्तम. रतनवाडीहून निघालात तर अमृतेश्वराच्या देवळापासून वाट सुरू होते. प्रवरेचा ओढा काही वेळा ओलांडत झाडीतून चढते आणि कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांशी येते. शिड्या चढून गणेश दरवाजा, पुढे रत्नादेवीची गुहा, हनुमान दरवाजा, माथ्यावर पाण्याची टाकी आणि टोकाला नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, इतकं मोठं की त्यात माणसं आरामात उभी राहतात. नेढ्याखालच्या बाजूनं त्र्यंबक दरवाजा. तिथून कातळात कोरलेल्या उंच पायऱ्या उतरून, खुट्टा सुळक्याच्या बाजूनं साम्रद गाव. साम्रद ते रतनवाडी डांबरी रस्ता आहे. तो पायी तुडवण्यात काही हशील नाही, तिथं गाडी बोलावून फेरी पुरी करावी.

प्रश्न दिशेचा. बहुतेक लोक रतनवाडीहून शिड्यांनी चढतात आणि तिकडूनच उतरतात, किंवा त्र्यंबककडे उतरतात. मी उलटं सुचवेन: साम्रदहून चढा, रतनवाडीला उतरा. कारणं तीन आहेत आणि ती कुठल्याही गोल वाटेला लागू पडतात. पहिलं, त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. असा उभा कातळ चढताना नजर समोरच्या पायरीवर असते आणि हात टेकता येतात, उतरताना सगळी नजर दरीत जाते. अवघड टप्पा नेहमी चढताना घ्यावा, आणि पाय ताजे असताना. दुसरं, साम्रद गडाच्या पश्चिमेच्या अंगाला आहे, रतनवाडी पूर्वेच्या. सकाळी पश्चिमेच्या उतारावर सावली असते, दुपारनंतर पूर्वेच्या. दोन्ही वेळा ऊन चुकतं. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, फेरीचा अनोळखी उत्तरार्ध या दिशेनं मळलेल्या वाटेवर येतो. रतनवाडीची वाट रुळलेली आहे, वर्दळीची आहे, उतरताना कुणीतरी भेटतंच आणि शेवटी गाव, चहा, देऊळ. साम्रदच्या बाजूला ढोरवाटा फुटतात आणि चुकायला होतं, पण तिथं आपण सकाळी असतो, सोबत गावातला वाटाड्या असतो आणि चुकलं तर दुरुस्त करायला अख्खा दिवस असतो.

या दिशेची एक अडचणही सांगते. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते. खाली उतरणारे आणि वर चढणारे एकाच अरुंद शिडीवर समोरासमोर येतात. म्हणून जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. नाहीच जमलं तर शिडीवर एका वेळी एकच माणूस, वरचा पूर्ण उतरेपर्यंत दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. अपवाद फक्त लहान मुलाचा, त्याच्या खाली एक मोठं माणूस हवं.

इथं मागे फिरायची शेवटची जागा म्हणजे त्र्यंबक दरवाजाची पायथ्याची पायरी. तिथं पोचल्यावर घड्याळ पाहा. ठरवलेल्या वेळेपेक्षा दीड तास उशीर झाला असेल, कुणाला चक्कर येत असेल, किंवा त्या पायऱ्या पाहून कुणाचे पाय थरथरत असतील, तर साम्रदला परत. गडावर पोचल्यानंतर हा पर्याय उरत नाही, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना अवघड उतारच आहे. हा निर्णय कोण घेणार हे खोलीवरून निघतानाच ठरवून ठेवावं. गटात सहा मतं असली की माणसं पुढेच जातात.

सांदण दरीबद्दल. ती साम्रदलाच आहे आणि रतनगडाच्या दिवशी तीही उरकू, असं हमखास कुणीतरी म्हणतं. करू नये. ती घळ काही ठिकाणी दोनेकशे फूट खोल, तळाशी ऊन क्वचित पोचतं आणि वाट मोठमोठ्या शिळांवरून जाते. हिवाळ्याच्या सुरुवातीला आतले पाण्याचे डोह कमरेच्या वर असू शकतात. पहिल्या मोठ्या उतारापर्यंत जाऊन मागे फिरणं हा स्वतंत्र अर्धा दिवस आहे. सांदण पुरी उतरून करोली घाटानं वर येण्याची गोल वाटही आहे. पण तिथं दोर लावून कडे उतरावे लागतात, जाणत्या संस्थेबरोबरच ती करावी. कुटुंबाच्या सहलीत तिचं नावही काढू नये. आणि कळसूबाई? बारीहून चढून बारीलाच उतरायचं. ती सुंदर आहे, 1646 मीटरांचं राज्यातलं सर्वोच्च शिखर आहे, पण गोल नाही. एका सहलीत रतनगड आणि कळसूबाई दोन्ही कोंबले तर दुसऱ्या दिवशी कुणाचेच पाय ऐकत नाहीत.

ऋतूबद्दल माझं मत ठाम आहे. जून ते सप्टेंबर गोल वाट करायचीच नाही. घाटघर-रतनवाडीचा पट्टा अतिपावसाचा आहे. सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी छातीइतका होतो. जाऊन-येऊन वाटेवर निदान कुठला ओढा लागणार हे माहीत असतं. फेरीत उत्तरार्धातला ओढा कसा आहे हे त्याच्या काठावर उभं राहिल्यावरच कळतं आणि तोवर मागचाही भरलेला असतो. पावसाळ्यात रस्त्याकडेचे धबधबे पाहा, देऊळ पाहा, ओढा ओलांडावा लागणार नाही तेवढंच चाला. सांदण तर त्या काळात बंदच असते. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला गर्दी होते. तो रात्री फिरायचा काळ नव्हे, वनखात्यानं नेमून दिलेल्या जागी उभं राहून, टॉर्च बंद ठेवून पाहण्याचा आहे. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं क्षेत्र आहे, नाक्यावर शुल्क भरून पावती जपून ठेवा. सगळ्यांत चांगला काळ ऑक्टोबर ते जानेवारी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर शेतात खुरासणी आणि गडावर सोनकी, दोन्ही पिवळ्या फुलांनी भरलेल्या असतात. पण वाट तेव्हा निसरडी असते, म्हणून साम्रदची बाजू नोव्हेंबरनंतरच. मार्चपासून ऊन चढतं आणि टाकी आटू लागतात. तेव्हा माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावं लागतं.

वाटाड्या घ्यावाच. आदल्या दिवशी गावात बोलून, पैसे ठरवून, आणि ठरलेल्यात घासाघीस न करता. त्याच्याच घरी जेवण सांगितलं तर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो. आल्यावर गरम मिळावं म्हणून निघायची आणि यायची वेळ त्याला सांगून ठेवा. नाही आलात तर शोधायला निघणारा पहिला माणूस तोच असतो. खोलीवरच्या मालकालाही वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. अडचणीत 112 आहे, पण फोन लागेल अशी जागा कुठे हे वाटाड्यालाच ठाऊक.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, बॉडी स्प्रे, विडी-सिगारेटचा धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. नेढ्यात उभं राहून हाका मारायचा मोह मुलांना होतो, त्यांना आधीच समजावून सांगा.

खाण्यासाठी आपल्याकडे सुकेळी असताना चॉकलेटं कशाला? वसईच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून केळीच्याच वाळक्या पानात बांधलेली सुकेळी वजनाला हलकी, उन्हात वितळत नाहीत आणि चढावर दोन तुकडे तोंडात टाकले की पायांना बळ येतं. पुडकं बांधलेलं पान मात्र खिशात घालून परत आणा, तिथं टाकू नका. सोबत मीठ-साखरेचं पाणी, बॅटरी भरलेला टॉर्च आणि एक लांब बाह्यांचा सदरा.

दिवसांचा क्रम असा लावा. पोचलात त्या दुपारी पांजरे-उडदावणेचा सपाट तुकडा, म्हणजे पाय मोकळे होतात आणि गटाचा वेगही पुन्हा दिसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साम्रद आणि रतनगड. तिसऱ्या दिवशी फक्त अमृतेश्वराचं देऊळ आणि शेजारची पुष्करणी. गडावरून उतरताना ती घाईत पाहिली जाते आणि ती घाईत पाहायची गोष्ट नव्हे. मग जेवून दुपारी दोनच्या आत निघा. घोटीपर्यंतचा रस्ता, कसारा घाट, आणि शेवटी अंजूरफाट्याहून कामण-चिंचोटीकडे येणारा ट्रकांनी भरलेला रस्ता. तो शेवटचा टप्पा दमलेल्या चालकानं रात्री गाठू नये. गाडी नसेल तर कसाऱ्यापर्यंत लोकल आहे. वसई रोडहून दादरला बदलून जाता येतं आणि कसाऱ्याहून पुढची जीप आधीच ठरवून ठेवावी लागते, कारण गोल फेरीसाठी साम्रदला सोडणारं आणि रतनवाडीहून उचलणारं वाहन तेच असलेलं बरं.